संथ पाणी आणि मार्च एंड

बुधवार म्हणजे कोल्हापुरात मटणाचा वार. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा आमचा चाळीस दिवसांचा 'लेंट' सुरू होतो त्या दिवशी, चर्चमधून परतताना गल्लीच्या तोंडावरच्या नेहमीच्या दुकानापाशी मी गाडी थांबवली. मटण घ्यायचं नव्हतं. ईस्टरपर्यंत आमचं बुधवारचं अर्धा किलो बाजूला काढू नका, एवढंच सांगायचं होतं. दुकानातल्या दादांनी सुरी थांबवून वर बघितलं. "ताई, कपाळाला काळं काय लागलंय?" म्हटलं, "राख आहे. आजपासून आमचा उपासाचा काळ." "म्हंजे चाळीस दिवस काय बी खायाचं न्हाई?" मागे सहा-सात माणसं उभी, माझ्या हातात हेल्मेट, घरी कुकर लावायचा राहिलेला. "तसंच काहीसं," म्हणून निघाले. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते उत्तर खुपत राहिलं. ज्या काळाचा सगळा अर्थच 'जरा थांब' असा आहे, त्याबद्दल मी घाईघाईत चुकीचं बोलून आले होते. तेव्हा दादांना, आणि हाच प्रश्न पडलेल्या सगळ्यांनाच, हे सावकाशीने दिलेलं उत्तर.

राखेपासून सुरुवात करते. ईस्टरच्या आधीचा रविवार म्हणजे झावळ्यांचा रविवार. येशू यरुशलेमेत शिरला तेव्हा लोकांनी झावळ्या हाती घेऊन त्याचं स्वागत केलं, त्याची आठवण म्हणून त्या दिवशी आम्हीही हातात झावळ्या घेतो. त्या घरी येतात, क्रुसामागे खोचल्या जातात आणि वर्षभर वाळत राहतात. पुढच्या वर्षी त्याच जाळून राख करतात. उपासनेत पाळक किंवा फादर ती अंगठ्यावर घेऊन कपाळावर क्रूस ओढतात आणि म्हणतात, तू माती आहेस, मातीला परत जाशील. राख कोरडी असली की भुरभुरते, थोडी भुवईवर, थोडी नाकावर पडते. जयजयकाराच्या झावळीची वर्षाच्या आत राख झालेली असते आणि ती आपल्याच नाकावर असते. माझ्यासाठी लेंटची सुरुवात त्या खरखरीत स्पर्शात आहे.

मराठी कॅथलिक घरांत या दिवसांना 'उपवासकाळ' म्हणतात, आमच्या प्रोटेस्टंट घरांत सरळ 'लेंट'. हा जुन्या इंग्रजीतला वसंत ऋतूचा शब्द. दिवस लांबत जातो, यावरून तो आला. लॅटिन नावाचा अर्थ मात्र नुसता 'चाळिसावा'. येशू अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिला, मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस होता, इस्राएल लोक चाळीस वर्षं रानात भटकले. बायबलमध्ये चाळीस हा आकडा आला की समजायचं, इथे माणसाला थांबवलेलं आहे आणि काहीतरी घडवलं जातंय. 325 साली निकिया इथे भरलेल्या धर्मपरिषदेच्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख आहे, इतकी ही प्रथा जुनी.

आता हिशेब. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर दिवस भरतात 46. त्यातले सहा रविवार वजा करायचे, कारण येशू मरणातून रविवारी उठला, म्हणून प्रत्येक रविवार हा छोटा ईस्टरच. राहिले 40. आणि ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते: 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार. चर्चची पौर्णिमा गणिताने बसवलेली असते, पण आकाशातल्या पौर्णिमेशी ती बहुतेक वेळा जुळतेच. त्यामुळे कधी होळीच्या पौर्णिमेमागून ईस्टर येतो, कधी चैत्र पौर्णिमेमागून. 2024 साली होळीची पौर्णिमा झाली आणि त्याच आठवड्याच्या शेवटी, 31 मार्चला, ईस्टर होता. 2025 साली चैत्र पौर्णिमेला, 12 एप्रिलला, जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या निघाल्या आणि चर्चच्या गणितात पौर्णिमा 13 तारखेच्या रविवारी धरलेली, म्हणून पुढच्या रविवारी, 20 तारखेला, आमचा ईस्टर. कॅलेंडरं वेगळी, पण वर बघण्याचा चंद्र एकच.

तारीख कितीही मागेपुढे झाली तरी एक गोष्ट ठरलेली: लेंट मार्च महिना चुकवत नाही. मी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत हिशेब बघते. मार्च एंड म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. स्टॉक मोजायचा, पार्ट्यांची खाती जुळवायची, राहिलेली बिलं शोधायची, जीएसटी, टीडीएस, बँकेचं स्टेटमेंट, आणि फोनवर एकच वाक्य: "तेवढं मार्चच्या आत करा." वर्षातले सगळ्यात धावपळीचे आठवडे आणि चर्चने 'हळू व्हा' म्हणून नेमलेले आठवडे दरवर्षी एकमेकांवर पडतात. बरीच वर्षं मला वाटायचं की हे माझं दुर्दैव. आता वाटतं, हळू होण्याची गरज ज्या दिवसांत नाही, त्या दिवसांत लेंट येऊन उपयोग तरी काय?

लेंटमध्ये आमच्यात एकमेकांना विचारतात, "यंदा काय सोडलंस?" कुणी मटण सोडतं, कुणी चहा, कुणी टीव्हीवरची मालिका. कॅथलिक चर्चचे नियम नेमके आहेत: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, म्हणजे येशू क्रुसावर मेला तो शुक्रवार, या दोन दिवशी 18 ते 59 वयाच्या माणसांनी एकदाच पोटभर जेवायचं आणि फार तर दोनदा थोडं थोडं खायचं, 14 वर्षांवरच्यांनी त्या दिवशी मांस टाळायचं. आजारी माणसं आणि गरोदर बाया यांना सूट आहे. साखरेचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करूच नये, हे माझं कळकळीचं सांगणं. म्हणजे दादा, चाळीस दिवस उपाशी कुणी राहत नाही.

पण सोडणं हा अर्धाच भाग आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, येशू तीन गोष्टी एका ओळीत घेतो: दानधर्म, प्रार्थना, उपास. उपासामुळे जागा मोकळी होते, ती जागा बाकीच्या दोघींनी भरायची. मटणाचंच बघा. रविवारी तांबडा आणि पांढरा असे दोन्ही रस्से करायचे म्हटलं की खोबरं भाजणं, तीळ-खसखस वाटणं, नारळाचं दूध काढणं, यात अख्खी सकाळ जाते, आणि पैसे जातात ते वेगळेच. बुधवारचं साधं कालवण सोडलं तरी तासभर वाचतो. तो तास आणि ते पैसे कुठे गेले, हा लेंटचा खरा प्रश्न. यशया संदेष्ट्याच्या 58व्या अध्यायात देव उपास करणाऱ्यांवर चक्क रागावलेला आहे, कारण ते उपासाच्या दिवशीही मजुरांना पिळून घेत होते. तुझी भाकर भुकेल्याला वाटून दे, हा मला आवडणारा उपास, असं तो सांगतो. पैशांचं उत्तर तिथे मिळतं. वेळेचं उत्तर अवघड आहे, कारण मोकळा झालेला तास मोबाइल गिळून टाकतो. त्यासाठी जुन्या लोकांनी काही रीती घालून दिल्या आहेत, आणि मला मुख्यतः त्यांच्याबद्दलच सांगायचंय.

त्याआधी एक कबुली. या रीती मला घरातून मिळाल्या नाहीत. कोल्हापुरात 1852 साली रेव्हरंड रॉयल वायल्डर आले, आणि त्यांनी सुरू केलेलं काम पुढे प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या अमेरिकन मिशनकडे आलं. न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या नावाने उभं आहे. त्या काळचे प्रेस्बिटेरियन लेंट पाळत नसत. माणसाने ठरवलेला उपास देवाच्या आज्ञेसारखा कुणावर लादू नये, ही त्यामागची भूमिका, आणि तिला मोठा इतिहास आहे. 1522 साली झुरिकमध्ये फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरी ऐन लेंटमध्ये, मांस निषिद्ध असताना, सॉसेज खाल्ली गेली. प्रकरण नगरसभेपर्यंत गेलं. फ्रोशाउअरचं म्हणणं होतं की फ्रँकफुर्टच्या जत्रेसाठी पुस्तकं वेळेत छापायची आहेत, कामगार राबराब राबतायत, नुसत्या लापशीवर ते कसे टिकणार? हे वाचलं तेव्हा मला आमच्या फौंड्रीतला मार्च आठवला. झ्विंग्ली या सुधारकाने त्याची बाजू घेतली आणि तिथून स्वित्झर्लंडमधल्या धर्मसुधारणेला, म्हणजे प्रोटेस्टंट चळवळीला, जोर चढला. दुसरीकडे अँग्लिकनांनी, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्यांनी, लेंट सोडला नव्हता. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, वेगवेगळ्या परंपरांचे लोक एका छताखाली आले, आणि एकमेकांचे सण-काळही ओळखीचे झाले. माझ्या आईच्या कपाळावर कधी राख लागली नाही, माझ्या लागते. झ्विंग्लीचा मुद्दा मला आजही पटतो, लेंट सक्तीचा नको. पण फ्रोशाउअरच्या कामगारांना त्या दिवशी नुसतं सॉसेजच नाही, बसायला घटकाभर वेळही हवा होता, असं मला वाटतं.

पहिली रीत वाचनाची. लॅटिनमध्ये तिला 'लेक्तिओ दिविना' म्हणतात, आपण 'पवित्र वाचन' म्हणू. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यात लेंटसाठी खास कलम आहे: प्रत्येकाने ग्रंथालयातून एक पुस्तक घ्यायचं आणि ते सुरुवातीपासून, क्रमाने, काही न गाळता वाचायचं. चाळीस दिवसांना एकच. बाराव्या शतकात गिगो नावाच्या मठप्रमुखाने या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या आणि त्या जेवणाच्या भाषेत सांगितल्या: वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे चावणं, प्रार्थना म्हणजे चव लागणं, आणि शेवटी नुसतं देवासमोर शांत राहणं म्हणजे ती गोडीच. मठातले लोक मननाला आणखी एक शब्द वापरत: रवंथ.

हा शब्द कोल्हापूरकरांना समजावून सांगायची गरज नाही. आमच्या शहरात भर चौकात म्हशी आणून धारोष्ण दूध पाजणारे दूधकट्टे आहेत. संध्याकाळी तिथे उभं राहून बघावं. म्हैस वैरण खाताना भराभर खाते, तिला निवडायला वेळ नसतो. मग ती बसते किंवा नुसती उभी राहते, डोळे अर्धवट मिटते आणि तोच घास परत तोंडात आणून जबडा एका लयीत फिरवत राहते. शेजारून केएमटीची बस हॉर्न वाजवत जाते, तिला फरक पडत नाही. वैरणीचं दूध होतं ते या रिकाम्या दिसणाऱ्या वेळात. आपण दिवसभर भराभर खातो: बातम्या, मेसेज, स्टेटस, रील. रवंथाची वेळच येत नाही.

बायबलच्या पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाचं वर्णन आहे. तिथला मूळ हिब्रू शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटण्याचा आहे. यशयाच्या पुस्तकात सिंहाच्या गुरगुरण्याला तोच शब्द आलाय. म्हणजे मनन डोक्यात करायचं नाही, ओठांनी करायचं. आपल्याकडे पोथी मोठ्याने वाचायची सवय आहेच. फरक इतकाच, की पारायणात नेमलेल्या दिवसांत ग्रंथ पुरा करायचा असतो, आणि इथे ओळ पुरी झाली नाही तरी चालते.

कसं करतात ते उदाहरणानेच दाखवते. स्तोत्र 23 घ्या, बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेलं असतं. दुसरं वचन असं आहे, की मेंढपाळ असलेला परमेश्वर मला हिरव्या कुरणांत बसवतो आणि संथ पाण्यावर नेतो. एकदा सावकाश मोठ्याने वाचा. थांबा. परत वाचा, आणि कुठला शब्द अडतोय ते बघा. अडणारा शब्द सापडला की पुढे जायचं नाही, तोच तोंडात घोळवायचा.

मागच्या एका लेंटमध्ये माझा शब्द 'बसवतो' होता. चार दिवस त्याचा काही अर्थ लागेना. पाचव्या दिवशी आठवलं: आमच्या गावाकडे धनगरांचे कळप येतात तेव्हा शेतकरी म्हणतात, "यंदा रानात मेंढरं बसवायची." म्हणजे पीक निघाल्यावर रात्रीचा कळप आपल्या मोकळ्या शेतात बसवायचा आणि त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे द्यायचे. मेंढरं काही करत नाहीत. बसतात, झोपतात, सकाळी उठून पुढे जातात. पण त्यांच्या लेंड्या-मुताने रान पुढच्या पिकाला तयार होतं. लहानपणी चुलत्यांच्या रानात वाघरीच्या, म्हणजे कळपाभोवती लावलेल्या जाळीच्या, कडेला उभी राहून मी तो कळप बघितलाय. अंधारात शेकडो मेंढरं एकमेकांना टेकून बसलेली आणि त्यांच्या श्वासाचा एकच आवाज. त्या दिवशी वचन वाचताना तो आवाज आला. 'मला बसव' एवढीच त्या दिवशीची प्रार्थना झाली. मग दहा मिनिटं काही न बोलता बसले. झालं, एवढंच पवित्र वाचन. मराठी बायबलमध्ये आपल्या मातीतले असे शब्द जागोजागी पडलेत, पण भराभर वाचणाऱ्याला ते दिसत नाहीत.

सुरुवातीला मन सैरभैर होतं, हे अगदी ठरलेलं. कुठल्या तरी पार्टीचं येणं आठवतं, गॅस बंद केला का ते आठवतं. त्याच्याशी भांडायचं नाही. आलेल्या विचाराला जाऊ द्यायचं आणि परत त्या शब्दाकडे यायचं. पंधरा मिनिटांत वीसदा परत यावं लागलं तर वीसदा यायचं.

दुसरी रीत त्याहून लहान आणि कुठेही करता येणारी. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे साधक एखादी छोटी ओळ दिवसभर म्हणत असत, टोपल्या विणताना, चालताना. त्यांच्याकडून शिकून आलेल्या योहान कासियान यांनी 70व्या स्तोत्राची पहिली ओळ सुचवली: हे देवा, मला सोडवायला धाव, माझ्या मदतीला त्वरा कर. घाई करायची ती देवाने, मी माझ्या जागी थांबून त्याला हाक मारायची, हे मला फार दिलासा देणारं वाटतं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पुढे एक वाक्य रूढ झालं, त्याला 'येशूची प्रार्थना' म्हणतात: "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरचे साधू ते श्वासाशी जोडून म्हणतात, हातात गाठी मारलेला लोकरीचा दोरा असतो. श्वास घेताना पहिला अर्धा भाग, सोडताना दुसरा.

मराठी माणसाला यात नामस्मरण दिसेल, आणि बाहेरून बघता ते साम्य खरंच आहे. भेद कशात ते मी माझ्या परीने सांगते: या वाक्यात एक माणूस दुसऱ्याला हाक मारतो आणि स्वतःबद्दल खरं बोलतो. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात दूर, मान खाली घालून उभा असलेला जकातदार असाच बोलतो, त्याच्याच तोंडचे शब्द या प्रार्थनेत आले आहेत. किती वेळा म्हटलं याला किंमत नाही. मी दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला म्हणते. लाल दिव्यात दहा-बारा वेळा होते. हिरवा पडायच्या आधीच मागचा हॉर्न मारायला लागतो, तेव्हा तिची खरी गरज लागते.

तिसरी रीत मला माझ्या पेशामुळे सगळ्यात जवळची. ती संत इग्नासियुस लोयोला यांची. हे स्पेनमधले सरदार घराण्यातले, लढाईची हौस असलेले गृहस्थ. 1521 साली पाम्पलोनाच्या किल्ल्यात तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि महिनोन् महिने अंथरुणाला खिळले. वाचायला शूरांच्या प्रेमकथा हव्या होत्या, घरात होती ती ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चरित्रांची पुस्तकं. पडल्या पडल्या त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली: पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येते, पण नंतर मन कोरडं पडतं, संतांसारखं जगण्याचा विचार केला की नंतरही आनंद टिकतो. धावणारा माणूस सक्तीने थांबला म्हणून त्याला हा फरक दिसला. पुढे त्यांनी जेझुइट संघ काढला, 1540 साली त्याला पोपची मान्यता मिळाली. मराठीत ओव्या रचून ख्रिस्ताची कथा सांगणारे फादर स्टीफन्स याच संघाचे. त्यांचा ग्रंथ 1616 साली गोव्यात छापला गेला.

इग्नासियुस यांनी दिवसाच्या शेवटी मनाची तपासणी करायला सांगितली. मी तिला रोजमेळ म्हणते. हिशेबनीस दिवसाच्या शेवटी जमा-खर्च मांडून गल्ल्यातली रोकड मोजतो, शिल्लक जुळते का बघतो, तसंच. पण सुरुवात चुका शोधण्यापासून करायची नाही, हे फार महत्त्वाचं. सुरुवात जमेच्या बाजूने. आज काय काय मिळालं त्याबद्दल देवाचे आभार. मग त्याच्याकडे उजेड मागायचा, कारण स्वतःचा हिशेब स्वतः तपासला की सगळं बरोबरच दिसतं. ऑडिट दुसऱ्याने करायचं असतं ते काय उगीच? मग सकाळपासून दिवस उलगडत जायचं: कुठे जीव रमला, कुठे आकसला. जिथे चुकलं तिथे माफी मागायची. आणि शेवटी उद्याकडे बघायचं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

एका मार्चमधला माझा एक रोजमेळ सांगते. दिवसभर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये फरक येत होता आणि मला वाटत होतं, आजचा दिवस त्या फरकाचा. रात्री दिवस उलगडला तर स्टेटमेंट कुठेच ठळक दिसेना. दिसला तो मोल्डिंगमधला एक नवीन पोरगा. साचा लवकर फोडल्यामुळे त्याच्या कास्टिंगला तडा गेला होता. ओतलेलं लोखंड वाळूच्या साच्यात आपल्या वेळेने थंड व्हावं लागतं, गरम असतानाच नॉक-आऊट केलं की आतला ताण बाहेर येतो. तो माझ्या टेबलापाशी रिजेक्शनची चिठ्ठी द्यायला आला तेव्हा मी मान वर न करता "ठेव तिथं" म्हणाले होते. तो दोन मिनिटं उभा होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं, हे मला रात्री साडेदहाला कळलं. माफी मागितली, आणि उद्याच्या पानावर एकच नोंद केली: त्याला बसवून चहा द्यायचा. दुसऱ्या दिवशी तो जे बोलला ते त्याच्या घरचं आहे, इथे लिहिण्याचं नाही. पण रोजमेळ केला नसता तर ते माझ्या कानावर कधी आलंच नसतं.

चौथी रीत पायांची: क्रुसाची वाट. येशूला मरणदंड सुनावल्यापासून कबरीत ठेवेपर्यंतचे चौदा प्रसंग कॅथलिक चर्चच्या भिंतींवर चित्रांतून मांडलेले असतात. लेंटच्या शुक्रवारी लोक एकेका चित्रासमोर थांबत, प्रार्थना करत पुढे जातात. यरुशलेमला जाऊ न शकणाऱ्यांसाठी ही यात्रा गावातच आणली गेली. तिथली पवित्र स्थळं सांभाळणाऱ्या फ्रान्सिस्कन साधूंनी ती जगभर नेली आणि 1731 साली ठाणी, म्हणजे थांबण्याच्या जागा, चौदा हे पक्कं झालं. आमच्या प्रोटेस्टंट मंडळींना एक अडचण वाटते, की येशूचं तीनदा पडणं किंवा वेरोनिका नावाच्या बाईने त्याचं तोंड पुसणं बायबलमध्ये नाही. ती रास्त आहे. 1991 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी फक्त शुभवर्तमानांतल्या प्रसंगांची चौदा ठाणी वापरली, ती घ्यावीत. ज्यांच्या गावची माणसं पायी दिंडीला जातात त्यांना हे पटकन समजतं, की पाय हळू पडले की मन आपोआप मागून येतं.

गुड फ्रायडेला आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते. क्रुसावरून येशूने काढलेले सात उद्गार, सात जण एकेकावर बोलतात, मध्ये गायन. ही तीन तासांची रीत दक्षिण अमेरिकेत, पेरूच्या लिमा शहरातल्या जेझुइटांनी सुरू केली आणि फिरत फिरत आपल्याकडे आली. ऐन उन्हात, पंख्याखाली, तीन तास एका मरणाऱ्या माणसाजवळ बसायचं. लहान मुलं कंटाळतात, मीही कंटाळायचे. दवाखान्यात वडिलांच्या उशाशी शेवटच्या रात्री बसले तेव्हा कळलं की तेवढा वेळ नुसतं बसता येणं ही शिकायची गोष्ट आहे आणि मी ती चर्चच्या बाकावर शिकले होते.

या सगळ्या रीती एकदम करायला घेऊ नका. एक निवडा, ती रोज एका ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी करा. स्वतः बेनेडिक्ट यांनी लिहून ठेवलंय, की मठवासीयाचं सगळं आयुष्यच लेंटसारखं असायला हवं, पण तेवढी ताकद फार थोड्यांत असते, म्हणून निदान हे दिवस तरी. मला या वाक्यातला समजूतदारपणा आवडतो.

आणि दिवस चुकले तर? चुकतातच. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात माझे दरवर्षी तीन-चार दिवस कोरडे जातात. पूर्वी मी राहिलेली वचनं रविवारी बसून एकदम वाचून काढायचे, मागच्या तारखेच्या नोंदी टाकाव्या तशा. ते सोडून दिलं. इथे मागची थकबाकी भरायची नसते. ज्या दिवशी आठवलं त्या दिवसापासून पुढे.

2024 साली ईस्टर नेमका 31 मार्चला आला. रविवार असूनही सरकारी व्यवहारांसाठी बँका उघड्या होत्या आणि आमचं ऑफिसही. पहाटे काळोखातच आम्ही ख्रिस्ती स्मशानभूमीत गेलो, आईवडिलांच्या कबरीवर फुलं घातली, मेणबत्त्या लावल्या. वाऱ्याने त्या विझत होत्या, हाताचा आडोसा करून परत परत लावल्या. लेंटमध्ये जुन्या रिवाजाने 'हालेलुया' हा शब्द उच्चारत नाहीत. तो त्या पहाटे 46 दिवसांनी तोंडात आला आणि पहिल्यांदा जरा अडखळला. अकराला मी ऑफिसात होते. रात्री घरी पोहोचायला साडेदहा झाले. डबा धुवायला टाकला, दिवा मालवला, पलंगाच्या कडेला बसले आणि पहाटेपासून दिवस उलगडायला घेतला. मेणबत्तीचं वितळलेलं मेण अंगठ्यावर पडून वाळलं होतं. दुपारी शेवटच्या चेकवर साहेबांची सही घेतली तेव्हाही ते तिथेच होतं.